थेंब पडत नाही, पण पाणी उतरतं

गाडीखालची जमीन कोरडी. बॉनेट उघडून वरवर बघितलं तरी कुठे ओल नाही. पण दर पंधरा दिवसांनी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, थोडं घालावं लागतंय. रेडिएटरच्या बारीक पाझराची तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. होज, म्हणजे रबरी नळी, फुटून पाणी सांडलं तर काम सोपं असतं, होज बदलला की मिटलं. बारीक पाझरात वेळ जातो तो शोधण्यात, आणि तोही बऱ्याचदा भलत्या वेळी बघितल्यामुळे. काही पाझर इंजिन थंडगार असतानाच होतात, काही फक्त तापल्यावर आणि दाब चढल्यावर. ज्या अवस्थेत गळतं त्या अवस्थेत आणून बघितलं नाही तर दिवसभर टॉर्च मारूनही काही सापडत नाही.

या कामातली गाडी छोटी पेट्रोल कार. एकूण कूलंट ५.५ लिटर, ॲल्युमिनियमची जाळी, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या, दाबाचं झाकण रेडिएटरवरच आणि शेजारी बिनदाबाची रिझर्व्ह बाटली. झाकणावर १.१ लिहिलेलं, म्हणजे १.१ बार, सुमारे १६ पीएसआय.

आधी मोजलं. बाटलीला कागदी टेप चिकटवून सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, पातळीची रेघ मारली. सकाळीच का, तर कूलंट तापल्यावर फुगतं. साडेपाच लिटरमध्ये थंड आणि गरम यांतला फरक सहज २०० मिलीच्या घरात जातो. संध्याकाळी गाडी बंद केल्या केल्या पातळी बघून ‘ठीक आहे’ म्हणणारा स्वतःलाच फसवतो.

नऊ दिवसांनी बाटली रेघेच्या जेमतेम ५० मिली खाली होती. इथे थांबलं असतं तर ‘एवढं चालतंच’ असा निष्कर्ष निघाला असता. पण थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं तर कूलंट तोंडापर्यंत नव्हतंच. तोंडापर्यंत भरायला ३०० मिली लागलं. बाटली जवळपास भरलेली आणि रेडिएटर मात्र उणा, हे कसं? इंजिन थंड होताना आतलं कूलंट आकसतं, आत निर्वात तयार होतो आणि झाकणाच्या मधली छोटी झडप उघडून बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. पण यंत्रणेत दुसरीकडे कुठे बारीक फट असेल तर त्या फटीतून हवा ओढणं जास्त सोपं. मग बाटली जागच्या जागी राहते आणि रेडिएटरच्या डोक्यात हवा भरत जाते. म्हणून अशा रचनेच्या गाडीत बाटलीची रेघ हा अर्धाच पुरावा. झाकण काढून आत बघावंच लागतं, आणि तेही वरचा होज हाताला पूर्ण गार लागत असेल तेव्हाच. १.१ बार दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवून दाब सोडला की त्याच क्षणी त्याची वाफ होऊन ते चेहऱ्यावर येतं. वर फडकं टाकून उघडण्याची युक्ती करणाऱ्यांचे हात भाजलेले असतात.

३५० मिली गेलं, पण जमिनीवर थेंब नाही. गेलं कुठे, याच्या तीनच वाटा. एक, इंजिनाच्या आत. दोन, केबिनमध्ये हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून. तीन, बाहेर, पण गरम भागावर पडून जागच्या जागी वाळून. पहिल्या दोन वाटा आधी बंद करायच्या, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील, गेलं असेल तर रेडिएटरवर केलेली सगळी मेहनत फुकट.

इंजिनाच्या आतली शंका फेडायला रेडिएटरच्या तोंडावर लावायची काचेची नळी मिळते, तिच्यात निळा द्रव असतो. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा होतो. त्याआधी रेडिएटरमधलं थोडं कूलंट काढून पातळी दोन-तीन इंच खाली न्यायची. तसं केलं नाही तर कूलंटच नळीत शिरतं, द्रव खराब होतो आणि चाचणीला अर्थ राहत नाही. इथे दहा मिनिटांनीही रंग निळाच राहिला. ऑइलच्या कांडीवर दुधी फेस नव्हता, थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नव्हता. केबिनमध्ये पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघितलं, कोरडं. हीटर लावल्यावर काचेच्या आतल्या बाजूला चिकट धुकं धरत नव्हतं. हीटरचा रेडिएटर पाझरत असेल तर ते हमखास धरतं.

राहिली तिसरी वाट.

आता बाहेरची पाहणी. इथे ओल शोधायची नसते, खपली शोधायची असते. पाणी उडून जातं, कूलंटमधली रसायनं मागे राहतात आणि कूलंटच्याच रंगाची, पण फिकट, खडूसारखी खपली धरते. गुलाबी कूलंटची खपली जवळजवळ पांढरी दिसते, म्हणून धूळ समजून लोक पुसून टाकतात. पुसायची नाही. खपलीचा सर्वात वरचा बिंदू कुठे आहे ते बघायचं; खालचा भाग फक्त ओघळ असतो, आणि चालत्या गाडीत पंख्याची हवा तो मागे, कडेला, कुठेही नेते. एक छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं. तिथे ओघळ असेल तर पंपच बदलायचा. ते भोक बुजवायचा शहाणपणा करू नये, नाहीतर पुढे बेअरिंग खलास. आपल्या गाडीत पंप कोरडा होता. थर्मोस्टॅटची (तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेची) बॉडी, वरच्या होजचं तोंड, बाटलीच्या नळीचा जोड, सगळं स्वच्छ. खालच्या होजला रेडिएटरकडच्या टोकाशी मात्र क्लिपच्या कडेला नखाएवढी गुलाबी-पांढरी रेघ होती.

पहिला संशयित मिळाला, पण एवढ्यावर पाना हातात घ्यायचा नाही. आधी झाकण तपासलं. प्रेशर टेस्टर म्हणजे दाबाचा काटा असलेला हातपंप; त्याच्यासोबत येणाऱ्या जोडावर झाकण बसवून पंप मारायचा. ते आपल्या लिहिलेल्या दाबाच्या जवळपास सुटलं पाहिजे आणि त्याखाली दाब धरून ठेवला पाहिजे. हे झाकण १.१ ला सुटलं आणि एक बारवर स्थिर राहिलं. कमजोर झाकण ०.७–०.८ लाच सुटतं, मग तापल्यावर कूलंट बाटलीत जातं आणि बाटली भरली की वरच्या नळीतून रस्त्यावर. कुठेही गळती नसताना पाणी उतरण्याचं हे फार नेहमीचं कारण, आणि पूर्ण रेडिएटर बदलल्यावर ते लक्षात आलेले लोक कमी नाहीत. झाकणाचं रबर कडक झालं असेल, त्यावर तोंडाच्या कडेची खाच उमटली असेल तर चाचणीची वाट न बघता नवं घ्यावं, पण तेवढ्याच दाबाचं. जास्त दाबाचं घातलं की जिथे गळत नव्हतं तिथेही गळायला लागतं.

मग थंड इंजिनावर टेस्टर. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, टेस्टर बसवला, सावकाश पंप मारून १.१ बारला थांबलं. त्याच्या वर जायचं नाही. काटा पहिल्या मिनिटात थोडा खाली येतो, होज ताणले जातात म्हणून, पुन्हा १.१ ला आणून घड्याळ लावायचं. वीस मिनिटांत काटा १.१ वरून ०.९५ ला आला. आठव्या मिनिटाला खालच्या होजच्या क्लिपशेजारी एक थेंब दिसायला लागला. आधी नुसती चमक, मग मोहरीएवढा फुगवटा, मग तो ओघळून होजच्या पोटाला चिकटला. खाली पडलाच नाही. कागदाने टिपला तर पुढच्या सात मिनिटांत तसाच दुसरा.

हा थंडीतला पाझर. स्क्रूची क्लिप एकदा आवळली की तेवढीच राहते. रबर जुनं होऊन दबतं, थंडीत आकसतं आणि फट पडते. तापलं की रबर फुगून फट बुजते. म्हणून गरम इंजिन कितीही न्याहाळलं तरी हा सापडत नाही. अशा वेळी क्लिप अजून आवळणं हा मोह असतो आणि खाली प्लॅस्टिकची नळी असते. जोर जास्त झाला की नळीच चिरते आणि शंभर मिलीच्या पाझराचं रूपांतर रस्त्यात गाडी उभी राहण्यात होतं. शिवाय स्क्रूच्या पट्टीला खाचा असतात. आवळताना त्या रबरात रुततात, होज कापतात. स्प्रिंगची क्लिप आपणहून ताण धरते, रबराबरोबर आकसते आणि फुगते, म्हणून मूळ गाडीला जिथे स्प्रिंगची क्लिप होती तिथे स्क्रूची लावणं ही सुधारणा नव्हे.

थोडं कूलंट काढून होज सोडवला. वर्षानुवर्षं बसलेला होज नळीला चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला की नळीची कड तुटते. पकडीने हलकेच धरून आधी गोल फिरवायचा, सुटला की ओढायचा. सुटतच नसेल तर होजवर उभा छेद घेऊन सोलायचा, ब्लेडचं टोक नळीत न रुतवता. होज गेला तरी चालतो, रेडिएटर जाता कामा नये. नळीवर पांढरा कडक थर होता, तो भांडी घासायच्या हिरव्या घासणीने पाण्यासह काढला. सँडपेपर नाही, कारण लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला वाट. होजचं टोक आतून तडकलेलं होतं, होज बदलला. नवा होज कूलंटने ओला करून चढवला. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही: हे होज ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते फुगून मऊ पडतात. क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागे, होजच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर सोडून. कडेवरच बसवली तर ती हळूहळू सरकून निसटते.

काम झालं असं इथे वाटतं. पुन्हा तोंडापर्यंत भरून, नवी रेघ मारून नऊ दिवस गाडी चालवली. या वेळी रेडिएटर आणि बाटली मिळून १४० मिली कमी. थंड चाचणीत काटा वीस मिनिटं हलला नाही. म्हणजे उरलेला पाझर गरमीतला. एक सापडलं की शोध थांबवायचा ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. जुन्या यंत्रणेत एक जोड थकला असेल तर शेजारचाही त्याच वयाचा असतो.

गरम पाझर पकडणं नाजूक काम. इंजिन पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवलं, बंद केलं आणि वरचा होज हाताने सहज धरून ठेवता येईल एवढा निवेपर्यंत थांबलं. पूर्ण गार होऊ दिलं तर हा पाझर दिसणार नाही, म्हणून इथे एवढं निवल्यावरच झाकण काढून टेस्टर बसवला. इथे काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. कूलंट निवत असतं, आकसत असतं, त्यामुळे गळती नसली तरी दाब आपोआप उतरतो. म्हणून मधूनमधून पंप मारून दाब १.१ ला ठेवायचा आणि डोळ्यांनी बघायचं. टाक्यांच्या जोडाला आधी कोरड्या ब्रशने साफ करून टाल्कम पावडरचा पातळ थर उडवला होता. पांढऱ्या पावडरीवर ओल आली की ती राखाडी होते, आणि पाझर कितीही बारीक असला तरी त्याचा उगम दिसतो.

चौथ्या मिनिटाला उजव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बसते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी ठिपका उमटला. वाढत वाढत बोटभर झाला. थेंब म्हणून तो कधीच पडला नसता. चालत्या गाडीत तिथून समोरच्या वाऱ्याचा झोत जातो.

गरम असतानाच तो का गळतो? तापल्यावर प्लॅस्टिक थोडं मऊ पडतं, दाबाने टाकी फुगते, पत्रा आणि प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मधलं रबरी गॅस्केट म्हातारं असेल तर त्याला ही हालचाल झेपत नाही. त्यात ९० अंशांचं कूलंट खोलीच्या तापमानाच्या मानाने साधारण चौपट पातळ असतं. थंडीत ज्या फटीत ते अडकून बसतं, तिथून गरम झाल्यावर सरळ निघून जातं.

आता उपाय. सगळ्यात झटपट म्हणजे रेडिएटरमध्ये ओतायचं गळतीबंद द्रावण. त्यात सोडियम सिलिकेट, तंतू किंवा धातूचे बारीक कण असतात. जिथे कूलंट हवेला भेटतं तिथे ते जमून भोक बुजवतात. सुईच्या टोकाएवढं भोक जाळीच्या नळीला पडलं असेल आणि घर दूर असेल तर घालावं, ते काम करतं. पण त्याला गळकी फट आणि हीटरच्या रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक नेहमी कळत नाही. थंडीत हीटर गार हवा द्यायला लागला की मागचं गळतीबंद आठवतं. हलणाऱ्या जोडावर तर ते टिकतही नाही, आणि आपला पाझर हलणाऱ्या जोडाचाच. इपॉक्सी बाहेरून लिंपणं त्याच कारणाने बाद: जोडाच्या कडेने लावलेला लेप महिन्याभरात प्लॅस्टिकपासून सुटतो. ॲल्युमिनियमच्या नळीला बाहेरून दगड लागून भोक पडलं असेल, ते पूर्ण कोरडं करून घासून, दोन भागांचं इपॉक्सी लावून २४ तास सुकू दिलं तर बऱ्यापैकी टिकतं. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरांची गोष्टच वेगळी; तिथे फ्लक्स लावून कथिल-शिशाचा डाख दिला की जोड पुन्हा नव्यासारखा, आणि म्हणूनच ते रेडिएटर पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहिले. ॲल्युमिनियमवर तो डाख धरत नाही.

उरले दोनच खरे मार्ग: टाकी उघडून गॅस्केट बदलणं किंवा रेडिएटरच नवा. ठरवायचं टाकीकडे बघून. टाक्या काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात. गरम कूलंट जिथून येतं ती वरची नळी आधी जाते. ती तपकिरी पडली असेल, नखाने भुकटी निघत असेल, मुळाशी केसाएवढी रेघ दिसत असेल तर गॅस्केटचा विचार सोडा, रेडिएटर बदला. जाळीच्या पट्ट्या हात लावताच गळून पडत असतील तरीही तेच. इथे दोन्ही टाक्या काळ्या आणि चिवट होत्या, जाळी धड होती, म्हणून गॅस्केट.

रेडिएटर काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडली. पुष्कळ गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, आणि बोटं त्याच्याच शेजारी असतात. खाली पसरट टब ठेवून ड्रेन प्लग सोडला, झाकण मात्र नंतर काढलं. आधी काढलं की धार टबाबाहेर जाते. ३.२ लिटर निघालं, बाकी २.३ इंजिनात राहतं. मग होज, पंख्याची वायर, पंख्याची चौकट, वरचे दोन ब्रॅकेट. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे क्लिपांवर टेकलेला असतो. त्याचे पाइप न सोडता तो पुढे टांगून ठेवायचा आणि मध्ये पुठ्ठा सरकवायचा, कारण रेडिएटर वर ओढताना एक कोपरा कंडेन्सरला लागला की एका गळतीच्या जागी दोन. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तिच्या ऑइलच्या दोन नळ्याही रेडिएटरच्या टाकीत जातात, त्यांना बूच हवं. खालच्या रबरी गाद्या बहुधा रेडिएटरला चिकटून वर येतात आणि कुठेतरी पडून हरवतात. त्या आधीच काढून ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय बसवलेला रेडिएटर थेट चेसिसचे हादरे खातो आणि जोड पुन्हा सुटतात.

टाकीची कड पत्र्याच्या खोबणीत बसलेली असते आणि पत्र्याच्या छोट्या छोट्या पाकळ्या तिच्यावर वाकवलेल्या असतात. रुंद, बोथट स्क्रूड्रायव्हरने एकेक पाकळी फक्त टाकी सुटण्यापुरती उचलायची. सरळ उभी करायची नाही. ॲल्युमिनियम एकदा वाकवून परत वाकवणं सहन करतं, तिसऱ्या वेळी मोडतं. एखादी मधली पाकळी मोडली तर चालून जातं. कोपऱ्यातली किंवा शेजारशेजारच्या दोन मोडल्या तर रेडिएटर भंगारात.

गॅस्केट बाहेर आलं तेव्हा कारण हातात होतं. नवं गॅस्केट गोल दोरीसारखं असतं. हे चपट्या फितीसारखं झालेलं, गळक्या कोपऱ्यात तर नखाने दाबलं तरी खूण उमटत नव्हती. टाकीची कड काचेवर उलटी ठेवून ब्लेडचं पातं सरकवून बघितलं, कुठेच आत गेलं नाही, म्हणजे टाकी वाकलेली नाही. खोबण प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, पाण्याने धुऊन पुसली. नवं गॅस्केट कूलंटमध्ये बुडवून, पीळ न पडू देता खोबणीत बसवलं. सिलिकॉनचा थर ‘जास्तीच्या खात्रीसाठी’ दिला नाही. रबर त्यावर घसरतं आणि आवळताना जागा सोडतं. टाकी बसवून वरून लाकडाची पट्टी ठेवली आणि दोन शिकंज्यांनी सारखी दाबली. हे दाबणं महत्त्वाचं, कारण पाकळीचं काम टाकीला धरून ठेवणं आहे, खाली ओढणं नाही. आधी चार कोपऱ्यांच्या पाकळ्या, मग समोरासमोरच्या मधल्या, मग उरलेल्या. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला गेलं की शेवटच्या कोपऱ्यात गॅस्केटचा फुगा जमतो.

गाडीत चढवण्याआधी टबात परीक्षा. होजच्या तोंडांना रबरी बूच आणि क्लिपा, झाकणाच्या जागी टेस्टर, पूर्ण पाण्याखाली बुडवून एक बार हवा. कंप्रेसरची नळी सरळ लावू नये, दाब क्षणात चढतो आणि प्लॅस्टिकची टाकी फुटते. सुरुवातीला जाळीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात, दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची. तरीही त्याच उजव्या टाकीच्या वरच्या कोपऱ्यातून दर पाच-सहा सेकंदांनी एक बुडबुडा येत होता. गळका कोपरा खालचा होता, हा नवा! पाकळ्या अजून दाबून बघितल्या, फरक नाही. त्या कोपऱ्यातल्या सात पाकळ्या पुन्हा उचलून टाकी जेमतेम वर केली तर खोबणीच्या वळणात जुन्या क्षाराचा एक कडक खडा, साखरेच्या दाण्याएवढा, तसाच राहिला होता. सरळ भाग खरवडला जातो, वळणात पट्टी पोचत नाही. काडीने काढला, पुन्हा बसवलं. या वेळी दहा मिनिटं पाणी शांत. पण त्या सात पाकळ्यांना आता तिसरं वाकवणं परवडणार नाही, हे लक्षात ठेवायचं.

रेडिएटर बाहेर असताना इंजिनातलं जुनं कूलंट साध्या पाण्याने धुऊन काढलं आणि शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने केली. नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातात; खोबणीतला तो खडाही बहुधा अशाच पाण्याचा. धुलाईनंतर इंजिनात २.३ लिटर निव्वळ पाणी अडकून असतं. आता वर निम्मं-निम्मं केलेलं तयार कूलंट ओतलं तर एकूण मिश्रण ३० टक्क्यांच्या आसपासच भरेल. म्हणून हिशेब उलटा करायचा: ५.५ लिटरचं निम्मं म्हणजे २.७५ लिटर शुद्ध कूलंट आधी, मग सुमारे ०.४५ लिटर डिस्टिल्ड पाणी. कूलंट निवडताना रंग बघू नका. गुलाबी म्हणजे एकच जात असं नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बाटलीवर छापलेला हवा. भलतं मिसळलं की गंजरोधक लवकर संपतं, कधीकधी जेलीसारखा गाळ होतो.

भरताना हवा आत अडकणं हा शेवटचा सापळा. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, थर्मोस्टॅटजवळचा हवा सोडायचा स्क्रू दोन आटे सैल. कूलंट बारीक धारेने ओतलं, मधून वरचा होज दाबत राहिलं. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आल्यावर तो बंद केला, दोन बोटांच्या जोराने, कारण तोही प्लॅस्टिकचा. झाकण न लावता इंजिन सुरू केलं. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. उघडला की तोंडातली पातळी एकदम खाली जाते आणि तीच भरायची वेळ. मग झाकण लावून पंखा दोनदा फिरेपर्यंत चालवलं. खालचाही होज गरम झाला आणि हीटरमधून सतत गरम हवा आली, म्हणजे कुठे एअर लॉक नाही. हीटर गरम-गार करत असेल तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात १८० मिली मावलं. हे गळालेलं नव्हे. हवेने सोडलेली जागा. त्यानंतरच नवी रेघ मारली.

गरम टेस्टरची परीक्षा पुन्हा केली, पावडर पांढरीच राहिली. दोन्ही ठिकाणी, होजच्या तोंडाशी आणि टाकीच्या दोन्ही उजव्या कोपऱ्यांखाली, टिश्यू पेपरची घडी दोरीने बांधून दोन दिवस गाडी चालवली. कागद कोरडा, डाग नाही. नऊ दिवसांनी बाटली रेघेवर आणि झाकणाखाली कूलंट तोंडाला लागलेलं.

जुनं काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये बंद करून, वर ‘विष’ लिहून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या ठिकाणी द्यायला ठेवलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. टबात रात्रभर उघडं राहिलं तर कुत्रं-मांजर चाटतं, आणि थोड्याशाच प्रमाणात त्याची किडनी निकामी होते. टब धुतलेलं पाणीही त्याच कॅनमध्ये गेलं.